तीन नंबरचा माग आणि बत्तीस बिटांचा कॉम्प्युटर

शेडमधले चार माग भंगारात जायच्या आदल्या दिवशी मी ते मोबाईलवर शूट करून ठेवले. १७ क्लिपा, सगळ्या मिळून सत्तर मिनिटांच्या आसपास. त्या अप्पांना दाखवायच्या होत्या. पाय गेल्यापासून अप्पा दोन वर्षं शेडवर आले नव्हते. रिक्षात घालून नेतो म्हटलं तर म्हणाले, "विकताना बघायचं नाही मला. चालताना बघायचंय."

सत्तर मिनिटं काही कुणी बसून बघत नाही. त्यातली वीस मिनिटं तर माझं बोट भिंगावर, दहा मिनिटं भंगारवाल्याची घासाघीस, आणि एक अख्खी क्लिप माझ्या खिशाच्या आतली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या मागांना किलोचा भाव मिळाला. तो भाव अप्पांच्या कानावर जायला नको होता. म्हणजे कापाकापी आली. सात-आठ मिनिटांचं काहीतरी करायचं, सुरुवातीला शेडचं नाव, मग एकेक माग, शेवटी अण्णा. अण्णा म्हणजे आमच्याकडे तीस वर्षं माग चालवलेले कामगार. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, मागाशी दोन्ही.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मोबाईलवरच होतंय की. एक ॲप टाका." टाकलं. तीन क्लिपा घेतल्या आणि फोनमधली जागा संपली. जागा केली, तर तयार झालेल्या व्हिडिओच्या कोपऱ्यात ॲपचं नाव. ते काढायचं तर दर महिन्याला पैसे. आणि खरं सांगायचं तर चाळिशीच्या चष्म्यातून सहा इंचाच्या पडद्यावर अर्ध्या सेकंदाचा तुकडा बोटानं धरणं मला जमेना. घरात डेस्कटॉप होता. शेडच्या ऑफिसातून आणलेला, २०१४ साली सोलापुरातल्या नव्या पेठेत जोडून घेतलेला, चलनं आणि बिलं काढण्यापुरता. आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. म्हटलं, यावर काहीतरी साधं टाकू.

मला आठवत होता तो विंडोज मूव्ही मेकर. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ मी त्यावरच केला होता. शोधायला गेलो तर मायक्रोसॉफ्टनं तो जानेवारी २०१७ मध्येच बंद केलेला. पण तेच नाव लावून बसलेल्या साइट मात्र भरपूर. एका साइटवर डाउनलोडची चार हिरवी बटणं होती, खरं कुठलं ते कळूच नये अशी मांडलेली. त्यातलं एक दाबून जे काही उतरलं ते टाकलं. छान चाललं की! तीन माग कापून झाले, नाव टाकून झालं, सव्वा तास गेला. सेव्ह करायला गेलो तर म्हणे, पूर्ण आवृत्ती विकत घ्या. दुकानात शिरताना फुकट आणि बाहेर पडताना पैसे, असा तो प्रकार. रागानं काढून टाकलं, तर जाताजाता ब्राउझरचं पहिलं पान बदलून गेलं.

तेव्हापासून माझा एक नियम झालाय. असलं काही नवीन टाकलं की आधी दहा सेकंदांची एक क्लिप घ्यायची, मधोमध कापायची आणि थेट शेवटापर्यंत जाऊन फाइल बाहेर काढून बघायची. बाहेर पडते का, कोपऱ्यात कुणाचं नाव उमटतं का. मग खरं काम.

भाच्यानं आणखी नावं सांगितली. डाविंची रिझॉल्व्ह नावाचं एक आहे, त्याची फुकट आवृत्ती उत्तम, सिनेमावालेही तेच वापरतात. पण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, रॅम रग्गड लागते. रुमाल विणायला जकार्ड, म्हणजे नक्षी काढणारं यंत्र, लावण्यातला प्रकार. क्लिपचॅम्प विंडोज ११ बरोबर आपोआप येतं. आमचं १०, आणि इंटरनेट म्हणाल तर मोबाईलचा हॉटस्पॉट. उरली ओपनशॉट आणि शॉटकट. दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला, दोन्ही खरोखर फुकट, कोपऱ्यात नाव नाही. मी शॉटकट घेतलं त्याचं कारण तसं फुटकळ आहे. त्यांच्या साइटवर काय लागतं ते आडपडदा न ठेवता लिहिलंय: ६४ बिटांचं (बिट म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी माहितीचा केवढा घास घेतो त्याचं माप) विंडोज १० किंवा पुढचं, साध्या व्हिडिओला ४ जीबी रॅम, एचडीला ८, फोर-केला १६. जो आधीच सांगतो की बाबा तुझ्या मशीनवर हे जड जाईल, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. सूत घेतानाही आम्ही अशाच व्यापाऱ्याकडे जायचो.

साइटचं नाव मात्र सर्चमधून न घेता भाच्याकडून घेतलं आणि वरच्या पट्टीत अक्षर-अक्षर टाइप केलं. शॉटकट डॉट ऑर्ग. फाइल उतरली. डबल क्लिक केलं आणि निळी चौकट आली. हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

मला वाटलं, हॉटस्पॉट मध्येच तुटला असेल, फाइल अर्धी आली असेल. परत उतरवली. परत तेच. दिवसाचा दीड जीबी डेटा संपत आला, बायकोचा फोन मागितला, तिसऱ्यांदा उतरवली. परत तेच. रात्रीचे अकरा, उन्हाळ्याचे दिवस, पंखा गरम हवा फिरवतोय, आणि मी त्या निळ्या चौकटीशी भांडतोय.

सकाळी भाच्याला फोन केला. म्हणाला, "सेटिंग्ज उघडा, सिस्टीम, त्यात सगळ्यात खाली अबाउट. काय लिहिलंय वाचा."

वाचलं. रॅम ४ जीबी, त्यातली ३.२ वापरण्याजोगी. आणि खाली, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-आधारित प्रोसेसर.

"गंमत आहे मामा," भाचा म्हणाला. "मशीन ६४ चं आहे, विंडोज ३२ चं टाकलंय."

हे मला दहा-अकरा वर्षांनी कळत होतं. मशीन घेतलं तेव्हा त्यात २ जीबीच रॅम होती, म्हणून जोडणाऱ्यानं ३२ बिटांचं विंडोज ७ टाकून दिलं. पुढे विंडोज १० फुकट मिळालं, तेही त्याच वाटेनं ३२ चंच आलं. मध्ये कधीतरी मी आणखी २ जीबीची पट्टी टाकून घेतली आणि चारचे पैसे देऊन वापरत होतो सव्वातीन, कारण ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही आणि त्यातलंही थोडं हार्डवेअरसाठी राखीव जातं. बिलं निघत होती, त्यामुळे कधी अडलं नाही. शॉटकटची नवी आवृत्ती फक्त ६४ ची. ती या मशीनवर शंभर वेळा उतरवली असती तरी चालली नसती.

आणि बत्तीसवरून चौसष्टवर सरळ उडी मारता येत नाही. जे आहे ते पुसून नव्यानं टाकावं लागतं.

सीपीयू स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि नव्या पेठेत नेला. दुरुस्तीवाला पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. त्यानं झाकण उघडलं आणि आतून सुताची लोकर काढली. विनोद नाही. शेडमध्ये हवेत जो तंतू उडतो तो इतकी वर्षं पंख्यावर बसून त्याची गादी झाली होती. "चादर विणता आली असती की काका," म्हणाला. ब्लोअरनं उडवली, आतल्या दोन पट्ट्या काढून ४-४ जीबीच्या दोन जुन्या डीडीआर-थ्री पट्ट्या बसवल्या. बिलांची सगळी फाइल त्याच्या डोळ्यांदेखत पेनड्राइव्हवर घेतली, आणि तो पेनड्राइव्ह माझ्याच खिशात ठेवला. इथं मी कुणावर विसंबत नाही. मग ६४ चं विंडोज चढवलं. परवाना नव्यानं घ्यावा लागेल अशी धास्ती होती, तसं काही झालं नाही. आवृत्ती तीच असल्यामुळे इंटरनेटला जोडल्याबरोबर ते आपलं आपण चालू झालं.

"काका, एवढं करतायच तर सांगून ठेवतो," पोरगा म्हणाला, "दहाला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आहे. आणि अकरा या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही." म्हटलं, मला मे महिना निभावू दे.

आता गंमत बघा. एवढ्या सगळ्यानंतर प्रत्यक्ष शॉटकट टाकायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फाइल उघडली, परवानगी विचारली, त्यात बनवणाऱ्याचं नाव मेल्टीटेक आहे ना एवढं पाहिलं, पुढे, पुढे, इन्स्टॉल, झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दहा सेकंदांची चाचणी घेतली. फाइल बाहेर आली, कोपरा स्वच्छ.

क्लिपा फोनमधून केबलनं आणल्या. फोन लावला की तो नुसता चार्जच होतो. वरून पट्टी ओढून फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटरला फोल्डर रिकामं दिसतं. सगळ्या क्लिपा डी ड्राइव्हवर एका फोल्डरात टाकल्या आणि तिथून हलवल्या नाहीत. शॉटकटची जी प्रोजेक्टची फाइल सेव्ह होते तिच्यात व्हिडिओ नसतो, कुठली क्लिप कुठं पडलीय आणि कुठं कापायची एवढीच टिपणं असतात. जकार्डच्या पंचकार्डात जसं सूत नसतं, नुसती नक्षी असते, तसं. क्लिप दुसरीकडे हलवली की ती नक्षी हवेत.

पहिलीच क्लिप उघडली तर एक सूचना आली. या फाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, तो वेग) कमी-जास्त होतो, संपादनाला भरवशाचा नाही, सोयीच्या स्वरूपात बदलून घेऊ का? माझ्या डोक्यात मूव्ही मेकरच्या नावाखाली झालेली फसवणूक ताजी होती. नको म्हटलं. प्रत्येक क्लिपला विचारत गेलं, प्रत्येक वेळी नको म्हणत गेलो.

कापायला मजा आली. टाइमलाइनवर उभी रेघ हवी तिथं न्यायची, एस दाबलं की तिथं दोन तुकडे. नको तो तुकडा निवडून एक्स दाबलं की तो जातो आणि मागचं सरकून पुढं येतं. माउसला हात लावायचं कामच नाही. भंगारवाल्याचा आवाज जिथं-जिथं होता तिथं एस, एस, एक्स. दोन संध्याकाळींत बरंच झालं. चित्र अडखळत होतं म्हणून सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू केलं. त्यानं काम करताना प्रत्येक क्लिपची हलकी प्रत वापरली जाते आणि शेवटची फाइल मात्र मूळ क्लिपांतून बनते. अडखळणं गेलं.

तिसऱ्या संध्याकाळी तीन नंबरच्या मागाची क्लिप लावली होती. सगळ्यात लांब, सलग सहा मिनिटांची. अप्पा आतल्या खोलीत पडले होते. आतून आवाज आला.

"कोणता माग लावलायस रे?"

"तीन नंबर."

"तीन नंबर असा वाजत नाही."

मी म्हटलं, अप्पा, मोबाईलचा आवाज आहे, असाच यायचा. ते गप्प झाले. पाचेक मिनिटांनी परत, "पिकर ढिला झालाय काय बघ. मारा उशिरा पडतोय."

पिकर म्हणजे धोट्याला, आडवं सूत घेऊन ये-जा करणाऱ्या तुकड्याला, ढकलणारा भाग. मी आवाज वाढवला आणि पडद्याकडे नीट बघितलं. क्लिपच्या सुरुवातीला फणी येऊन कापडावर ठोकत होती आणि खाट्-कन आवाज त्याच क्षणी येत होता. पण पाचव्या मिनिटाला फणी ठोकून मागं गेलेली, धोटा पेटीत शिरलेला, आणि तेव्हा खाट्. माग मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घालतो. म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. त्यात पाव सेकंदाची चूक पडली तरी अख्खा ताल उलटा होतो. माणूस बोलतानाचा व्हिडिओ असता तर ओठ आणि आवाज थोडे मागंपुढं झालेले कदाचित मला कळलेही नसते. मागाला ते लपवता येत नाही. निदान ज्यानं चाळीस वर्षं तो ऐकलाय त्याच्यापासून तरी नाही.

मग ती नको म्हटलेली सूचना आठवली. भाच्याला विचारलं. त्यानं सांगितलं ते असं: फोन ३० फ्रेमचा व्हिडिओ म्हणतो खरा, पण उजेड कमी असला की एकेका फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून फ्रेम कमी करतो. शेडमध्ये उजेड किती? वर एक काचेचं कौल आणि चार बल्ब. त्यामुळे कधी ३०, कधी २४, कधी त्याहून खाली. आवाज मात्र आपल्या गतीनं नीट रेकॉर्ड होतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरला सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर लागतात, म्हणून चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात.

म्हणजे सूचना बरोबर होती आणि मी शहाणपणानं १७ वेळा ती उडवून लावली होती.

पहिल्यापासून करावं लागलं. दोन संध्याकाळी पाण्यात. या वेळी विचारल्यावर हो म्हटलं. बदलताना तीन दर्जे दाखवतं. सगळ्यात वरचा घेतला तर फाइल इतकी फुगते की माझा डी ड्राइव्ह एका रात्रीत भरला असता. सगळ्यात हलका घेतला, आमच्या कामाला पुरला. उजवीकडे कामांची यादी लागते आणि एकेक क्लिप बदलून होत जाते. रात्री लावून झोपलो. शेजारच्या खोलीत सीपीयूचा पंखा रात्रभर घुमत होता. बायको म्हणाली, शेड विकली तरी घरात माग चालूच आहे.

सकाळी अप्पांना तीन नंबर ऐकवला. पडद्यासमोर आणलं नाही, नुसता आवाज. त्यांनी पडल्या-पडल्या मान हलवली.

नावाची एक छोटी भानगड झाली. शेडचं नाव आमच्या जुन्या बिलबुकावर ज्या वळणात होतं तसं हवं होतं. छापखान्यातून ती मूळ फाइल आणली, त्यातून नाव कॉपी करून शॉटकटच्या मजकुराच्या चौकटीत टाकलं, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा उमटला. डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, युनिकोडमध्ये नव्हतं. युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत. शेवटी मी स्वतः मराठी कीबोर्ड लावून टाइप केलं आणि विंडोजमधला निर्मला फॉन्ट निवडला. जोडाक्षरं नीट बसली. बिलबुकाचं वळण मात्र गेलं.

मग एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणं. उजवीकडे काही बदलायची गरज नाही, जे ठरलेलं असतं त्यात एमपीफोर फाइल मिळते आणि ती टीव्हीवर, फोनवर कुठंही चालते. दुपारी साडेतीनला लावलं. चारला लाइट गेली. मे महिन्यात सोलापुरात दुपारी ४२-४३ अंश आणि लाइट जाणार नाही असं गृहीत धरणारा मीच. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली. लाइट आल्यावर अर्धवट फाइल उघडून बघितली, उघडेना. अशी फाइल जेवढी झाली तेवढी दिसेल असं मला वाटायचं, तसं नसतं. शेवटची नोंद लिहून पुरी झाली तरच ती उघडते. प्रोजेक्ट मात्र मी कंट्रोल-एस दाबत आलो होतो म्हणून शाबूत. रात्री दहाला परत लावलं. तासाभरानं झालं. ७ मिनिटं ४० सेकंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांना खुर्चीत बसवून कॉम्प्युटरसमोर आणलं. अण्णांनाही बोलावलं होतं. ते शेंगाची चटणी घेऊन आले आणि दाराशीच बसले, खुर्ची दिली तरी. एक नंबर, दोन नंबर झाले. दोघंही काही बोलले नाहीत. तीन नंबर सुरू झाला तसे अप्पा पुढं वाकले.

"थांबव, थांबव. कांडी संपली."

मी स्पेसबार दाबला. धोटा, आतल्या सुताच्या कांडीसकट, अर्ध्यात उभा राहिला. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघितलं.

"नाही. अजून चार फेरे आहेत," म्हणाले. "चालू दे."